सात वाजता काय थांबू शकतं? कोकणपट्टीतून आभासी वीजकेंद्राची ओळख

मे महिन्यात दिवेलागणीला आमच्या वाडीच्या शेवटच्या खांबावरच्या घरात मल्टिमीटर लावला की २३०च्या जागी कधी १९०, कधी १८५ व्होल्ट दिसतात. पंखा मरगळतो, फ्रिज कण्हत सुरू होतो. कारण खिडकीतूनच दिसतं. आगरात, म्हणजे माडापोफळींच्या बागेत, पंप चालू असतो. दोन होमस्टेंमध्ये पाहुणे नुकतेच समुद्रावरून परतलेले असतात, म्हणून तिथले गीझर चालू असतात. बंदरावर बर्फ कारखान्याचा कॉम्प्रेसर चालू असतो आणि घरोघरी मिक्सर फिरत असतात. यातलं सातलाच व्हायला हवं असं काय आहे? दिवे आणि स्वयंपाक. पंप सकाळी नऊला चालला असता तरी माडापोफळींना तेवढंच पाणी मिळालं असतं.

मी दापोली-गुहागर पट्ट्यात वायरिंगची, पंपांची आणि छतावरच्या सोलरची कामं करतो. अलीकडे लोक विचारतात, ‘ते व्हर्च्युअल पॉवर प्लांट म्हणतात ते काय? त्यात आपल्याला काही मिळतं का?’ मिळतं, पण ते समजायला आधी आपल्याच घरात डोळसपणे बघावं लागतं. म्हणून हा लेख बाजारापासून नाही, तर मीटरच्या पेटीपासून सुरू करतो.

युनिट वेगळं, किलोवॉट वेगळं

गीझरवर २००० वॉट लिहिलेलं असतं, म्हणजे २ किलोवॉट. ही त्याची ओढ. तो अर्धा तास चालला की १ युनिट वीज खर्च होते. बिल युनिटचं येतं. पण तार, डीपी आणि वीजकेंद्र यांना झेपायला हवी ती किलोवॉटची ओढ. सार्वजनिक विहिरीला पाणी मुबलक असलं, तरी सकाळी रहाटावर गर्दी होते. कारण सगळ्यांच्या कळश्या एकाच वेळी येतात. पाणी कमी नसतं, वेळ एक असते. संध्याकाळच्या विजेचंही तसंच आहे.

विजेची आणखी एक अडचण अशी, की तारेत ती साठत नाही. देशभरात या क्षणी जेवढी ओढ असेल तेवढीच निर्मिती या क्षणी करावी लागते. हे जुळतंय की नाही ते ग्रीडच्या, म्हणजे देशभर जोडलेल्या विजेच्या जाळ्याच्या, फ्रिक्वेन्सीवरून कळतं. आपल्याकडे ती ५० हर्ट्झच्या आसपास, ४९.९० ते ५०.०५ या पट्ट्यात ठेवायची असते. ओढ वाढली की ती खाली येते, ओढ घटली की वर चढते. ५ एप्रिल २०२० ची रात्र आठवा. नऊ वाजता नऊ मिनिटं दिवे मालवले गेले, तेव्हा देशाची मागणी सुमारे ३१,००० मेगावॉटनं उतरली आणि लगेच पुन्हा चढली. ग्रीड सावरलं, कारण जलविद्युत संच झटपट कमी-जास्त करायची तयारी आधीच करून ठेवली होती. त्या रात्रीकडे मी एका वेगळ्या नजरेनं बघतो. घराघरातली बटणं मिळून केवढी मोठी ताकद होते, ते त्या दिवशी मोजून दिसलं.

आपल्या राज्यात संध्याकाळ सांभाळण्याचं मोठं काम कोयना करते. तिची एकूण क्षमता १,९६० मेगावॉट. त्यातला १,००० मेगावॉटचा चौथा टप्पा तर गर्दीच्या वेळेसाठीच उभा केला. सह्याद्रीच्या पोटातून उतरलेलं ते पाणी पुढे वाशिष्ठीतून चिपळूणवरून जातं, हे आपण रोज बघतो. पण पश्चिमेकडे वळवून वीज करण्यासाठी वर्षाला ६७.५ टीएमसी पाणीच वापरायची मुभा आहे. पाणी मोजून मिळालेलं असलं, की संध्याकाळी वाचवलेला प्रत्येक किलोवॉट मोलाचा ठरतो.

बाजारातही तेच चित्र दिसतं. वीज बाजारात दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ तुकडे पाडलेले असतात आणि प्रत्येक तुकड्याचा भाव वेगळा ठरतो. भर दुपारी देशभरची सौर वीज ओतली जाते तेव्हा भाव कधी २ रुपयांच्याही खाली येतो. सूर्य कलला की तोच भाव चढत जातो आणि उन्हाळ्यातल्या संध्याकाळी १० रुपयांच्या कमाल मर्यादेला जाऊन टेकतो. वीज कंपनी ही महाग वीज घेते आणि आपल्याला ठरलेल्या दरानं देते. मग त्या तासाला आपण थोडं थांबलो, तर वाचलेल्या पैशांतला काही वाटा आपल्याला मिळावा, ही अगदी सरळ मागणी आहे. या थांबण्यालाच डिमांड रिस्पॉन्स म्हणतात. मराठीत मागणी-प्रतिसाद म्हणू.

मग आभासी वीजकेंद्र म्हणजे काय?

एका घराचा गीझर थांबला तर ग्रीडला कळतही नाही. पण हजार ठिकाणचे पंप, बर्फ कारखाने, छतावरचे सोलर संच आणि बॅटऱ्या एका सॉफ्टवेअरला जोडल्या, तर ते सगळं मिळून वीजकेंद्राच्या एखाद्या संचासारखं वागू शकतं. सांगितलं की अमुक किलोवॉट ओढ कमी होते, किंवा अमुक किलोवॉट वीज बाहेर येते. चिमणी नाही, धरण नाही, पण नियंत्रण कक्षाला त्यावर भरवसा ठेवता येतो. म्हणून आभासी. असा समूह बांधून पुढे बाजाराशी व्यवहार करणाऱ्याला ॲग्रीगेटर म्हणतात. आपण त्याला समूहचालक म्हणू.

हे कागदावरचं स्वप्न नाही. जर्मनीतल्या कोलोनची नेक्स्ट क्राफ्टवेर्के ही कंपनी २००९ पासून छोटे बायोगॅस, सौर आणि पवन संच एकत्र बांधून वीज विकते. दक्षिण ऑस्ट्रेलियात घरांच्या भिंतीवर बसवलेल्या बॅटऱ्यांचं असं केंद्र आहे. ९ ऑक्टोबर २०१९ ला शेजारच्या क्वीन्सलँडमधला कोगन क्रीक वीजकेंद्राचा संच ७४८ मेगावॉटवर चालत असताना अचानक बंद पडला आणि फ्रिक्वेन्सी ४९.६१ पर्यंत घसरली. तेव्हा या घरगुती बॅटऱ्यांनी घसरण ओळखून आपणहून वीज ग्रीडमध्ये सोडली. कॅलिफोर्नियात ६ सप्टेंबर २०२२ ला कडक उष्म्यात संध्याकाळी पावणेसहाला लोकांच्या फोनवर वीज वाचवण्याचा संदेश गेला आणि अर्ध्या-पाऊण तासात मागणी सुमारे २,००० मेगावॉटनं उतरली. तिथे यंत्रं नव्हती, माणसांनी हातानं बटणं बंद केली.

आपल्याकडे २०२३ मध्ये टाटा पॉवरनं ऑटोग्रिड या सॉफ्टवेअर कंपनीबरोबर मुंबईत ५५,००० घरगुती आणि ६,००० मोठ्या ग्राहकांना धरून मागणी-प्रतिसादाची योजना जाहीर केली. केंद्रीय वीज नियामक आयोगाच्या २०२२ च्या विनियमांनी ग्रीड सावरण्याच्या सेवा देण्याची मुभा वीजकेंद्रांबरोबरच मागणी कमी करू शकणाऱ्यांनाही दिली, आणि तीही समूहानं. महाराष्ट्राच्या आयोगानं २०२४ मध्ये वितरण कंपन्यांसाठी मागणीच्या लवचीकतेचे विनियम आणले. दार उघडलेलं आहे. आपली तयारी असली तर आत जाता येईल.

पहिली पायरी: वही घ्या

ॲप नको, यंत्र नको. शंभर पानी वही पुरे. सात दिवस रोज तीन वेळा मीटरचं रीडिंग लिहा: सकाळी नऊ, संध्याकाळी पाच आणि रात्री अकरा. यावरून दिवसाच्या कुठल्या भागात तुमची किती युनिटं जातात ते कळेल. नवं टीओडी (टाइम ऑफ डे, म्हणजे वेळेनुसार वापर मोजणारं) मीटर बसलं असेल तर हा हिशेब ते स्वतःच ठेवतं आणि महावितरणच्या ॲपवर तुमचा वापर दिसतो. तरी पहिला आठवडा हातानं लिहाच. रीडिंग लिहिताना ‘आज एवढी कशी गेली?’ हा प्रश्न पडतो, आणि पुढचं सगळं त्या प्रश्नातूनच सुचतं.

बिलावर तीन गोष्टी शोधा: मंजूर भार, दराचा प्रकार आणि वेळेनुसार सवलत लागू आहे का. टीओडी मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना २०२५ पासून सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या युनिटवर सवलत सुरू झाली. ती ८० पैशांपासून आहे. दर दरवर्षी बदलतात, म्हणून शेजाऱ्याचं ऐकण्यापेक्षा आपलं ताजं बिल वाचा.

दुसरी पायरी: काय थांबू शकतं, त्याची यादी

इथे घाई करू नका. खरं काम हेच आहे. एकेका उपकरणाजवळ उभं राहून विचारा: हे संध्याकाळी सहा ते दहामध्ये तासभर बंद राहिलं तर कोणाचं काय बिघडेल?

स्वयंपाक, दिवे, अभ्यासाच्या खोलीतला पंखा, आजारी माणसाचं कुठलंही यंत्र आणि औषधांचा फ्रिज यांना हात लावायचा नाही. एखादी योजना यावरही ताबा मागत असेल तर ती योजनाच नको.

गीझर थांबू शकतो. पाण्याची टाकी भरणारा पंप तर नक्कीच, कारण छतावरची टाकी ही तुमची पाण्याच्या रूपातली बॅटरीच आहे. वॉशिंग मशीन, इस्त्री, पिठाची गिरणी, मसाल्याचा डंख, ई-स्कूटरचं चार्जिंग, हे सगळं सरकवता येतं. घरचा इन्व्हर्टरही यादीत घ्या. वीज आली की तो सगळ्यांबरोबर चार्जिंग सुरू करतो, याकडे कोणाचं लक्ष जात नाही.

आगराबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण आपल्याकडची सर्वांत सोपी जागा तीच आहे. तीन एचपीचा पंप साधारण पावणेतीन किलोवॉट ओढतो. दोन तास शिपणं झालं की साडेपाच युनिटं गेली. पूर्वी शिपणं सकाळीच व्हायचं. नोकरीधंद्यामुळे माणसं संध्याकाळी घरी येतात, म्हणून ते संध्याकाळवर गेलं. सकाळी नऊला पंप सुरू केलात तर पोफळीच्या सावलीत ऊन अजून उतरलेलं नसतं, व्होल्टेज भरलेलं असतं, मोटार थंड चालते. कमी व्होल्टेजवर मोटार जास्त करंट ओढते, तापते आणि जळते. माझ्याकडे रिवाइंडिंगला येणाऱ्या मोटारींपैकी बऱ्याचशा संध्याकाळच्या शिपण्यात गेलेल्या असतात. शेतीची वेगळी जोडणी असलेल्या ७.५ एचपीपर्यंतच्या पंपांना सध्या बिल माफ आहे. तिथे बिलात फायदा दिसणार नाही. पण वाचलेलं रिवाइंडिंग हा खरा पैसाच आहे.

बर्फ कारखाना: बंदरावरची बॅटरी

मला या विषयाची गोडी लागली ती बर्फ कारखान्यामुळे. मिरकरवाडा घ्या, हर्णै घ्या, मासळीबंदर म्हटलं की बर्फ आलाच. आणि बर्फ म्हणजे गोठवून ठेवलेली वीज. ३० अंशांचं एक टन पाणी गोठवायला सुमारे १२८ युनिटांएवढी उष्णता बाहेर काढावी लागते. चांगला कॉम्प्रेसर एका युनिट विजेत अडीच-तीन युनिट उष्णता उपसतो. म्हणजे टनामागे ढोबळ ४५ ते ५० युनिट वीज, आणि जुन्या कारखान्यात त्याहून जास्त. ही वीज दुपारी दोनला खर्च झाली काय किंवा रात्री एकला, लादी तीच निघते. खाऱ्या पाण्याची टाकी एवढी मोठी आणि थंड असते, की कॉम्प्रेसर तासभर थांबला तरी तिचं तापमान हळूच चढतं.

पण इथे नवख्यांकडून चुका होतात. अमोनियाचा कॉम्प्रेसर म्हणजे दिवा नव्हे. तो दुरून रिमोटनं धाडकन बंद-चालू करायचा नाही. व्हॉल्व्हचा क्रम पाळून ऑपरेटरनंच तो उतरवायचा आणि क्रम पाळूनच चढवायचा. चुकलं तर द्रवरूप अमोनिया कॉम्प्रेसरमध्ये शिरून यंत्र फुटू शकतं आणि गळती झाली तर माणसांच्या जिवावर बेततं. त्यामुळे कारखान्यानं अशाच योजनेत जावं जिथे आधी सूचना येते आणि बटण आपल्याच ऑपरेटरच्या हाती राहतं. ब्राइनच्या, म्हणजे टाकीतल्या खाऱ्या पाण्याच्या, तापमानाची एक मर्यादा ठरवून फलकावर लिहा. त्यावर काटा गेला की योजना बाजूला ठेवून कॉम्प्रेसर चालू.

दुसरं, होड्यांचं वेळापत्रक. ज्या दिवशी बोटी बर्फ भरून निघणार, त्या दिवशी नाही म्हणण्याचा हक्क करारात हवा. ऑगस्टच्या सुरुवातीला मासेमारीबंदी उठते तेव्हा बर्फाला सगळ्यात जास्त मागणी असते. १ जून ते ३१ जुलै बंदीच्या काळात कारखाना जवळजवळ शांत असतो, तेव्हा थांबवण्यासारखं काही उरतच नाही. वर्षभराचा एकच आकडा देणारा करार अशा कारखान्यानं करू नये. महिन्यागणिक आकडा द्यावा.

तिसरी पायरी: बेरीज करा, पण खरी

समजा एका बंदरगावात ३ एचपीचे २५ पंप आहेत. संध्याकाळी एका वेळी त्यातले १०च चालू असतात, म्हणजे २८ किलोवॉट. दोन बर्फ कारखाने, प्रत्येकी ३३ किलोवॉट ओढणारे, म्हणजे ६६. होमस्टे आणि घरं मिळून ३० गीझर, पण एका क्षणी चालू ५च, म्हणजे १०. एकूण झाले १०४ किलोवॉट. पंचवीसही पंप आणि तीसही गीझर धरून बेरीज केली असती तर आकडा दुप्पट झाला असता आणि खोटाही. जे चालूच नाही ते बंद करता येत नाही.

अशी दहा गावं मिळाली की १ मेगावॉट होतो. ग्रीड सावरण्याच्या सेवेत भाग घ्यायला केंद्रीय विनियमांनी किमान तेवढीच मर्यादा घातली आहे. जयगडच्या औष्णिक केंद्राचा एक संच ३०० मेगावॉटचा आहे. त्याची बरोबरी करायला अशी जवळपास तीन हजार गावं लागतील, हेही लक्षात ठेवा. पण तो संच बारा महिने चालतो, आणि आपल्याला सांभाळायचे आहेत वर्षातले ठरावीक तास. तेवढ्यासाठी नवा संच उभारण्यापेक्षा दहा गावांनी तासभर थांबणं कितीतरी स्वस्त.

चौथी पायरी: हातानं करून बघा, मग यंत्र

महिनाभर हातानं वेळ बदला. घरातल्या सगळ्यांना जमतं का बघा. जमलं तरच खर्च करा. गीझरला १६ अँपिअरचा टायमर पुरतो. पंपाला स्मार्ट प्लग कधीही लावू नका, मोटार सुरू होतानाच्या करंटनं तो वितळतो. पंपासाठी स्टार्टरच्या आत टायमर-काँटॅक्टर बसवायचा आणि तो परवानाधारक वायरमनकडूनच. समुद्रापासून जवळ असाल तर खाऱ्या हवेनं काँटॅक्ट हिरवे पडतात, म्हणून पेटी घट्ट बंद होणारी घ्या आणि पावसाळ्याच्या आधी व नंतर उघडून साफ करा. वाडीत मोबाईलची रेंज जाते. संदेश आलाच नाही तर यंत्रानं काय करायचं ते आधी ठरवा. माझं उत्तर ठरलेलं आहे: काहीच करायचं नाही, नेहमीसारखं चालू ठेवायचं.

घराच्या पैशांचा अंदाज घ्या. रोज ४ युनिटं संध्याकाळवरून दिवसाच्या सवलतीत सरकली तर ८० पैशांनी दिवसाला ३ रुपये २० पैसे, महिन्याला साधारण ९६ रुपये. म्हणून घरगुती ग्राहकानं यासाठी पाच-दहा हजारांची उपकरणं घेऊ नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. होमस्टेला, लॉजला, काजू आणि आंबा प्रक्रियेच्या युनिटला, शीतगृहाला मात्र हिशेब बसतो.

सोलर आणि बॅटरी: एक गैरसमज आधी काढा

पीएम सूर्यघर योजनेत १ किलोवॉटला ३० हजार, २ किलोवॉटला ६० हजार आणि ३ किलोवॉट किंवा त्याहून मोठ्या संचाला ७८ हजार रुपये अनुदान आहे. त्यामुळे छतं भराभर निळी होताहेत. पण पुष्कळांना वाटतं की सोलर बसवलं म्हणजे लाइन गेली तरी घर उजळलेलं राहील. राहत नाही. ग्रीडला जोडलेला साधा इन्व्हर्टर लाइन गेली की स्वतः बंद होतो. दुरुस्तीसाठी खांबावर चढलेल्या लाइनमनच्या अंगात तुमच्या छतावरची वीज जाऊ नये म्हणून तो तसाच बनवलेला असतो. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं, तेव्हा मंडणगड-दापोलीकडे खांब आडवे झाले आणि कित्येक वाड्या आठवडेच्या आठवडे अंधारात राहिल्या. अशा वेळी बॅटरी आणि हायब्रिड इन्व्हर्टर असेल तरच सोलर कामाला येतं.

आणि आभासी वीजकेंद्र यातून वाचवत नाही. तार तुटली की ते तुमच्यापुरतं संपलं. म्हणून बॅटरी योजनेत द्यायची असेल तर राखीव साठा लिहून घ्या. माझा सल्ला: एरवी तिसरा हिस्सा, मे-जूनमध्ये वादळाचा इशारा असताना पूर्ण बॅटरी आपली.

चाकरमान्यांच्या बंद घरांचा विचार मात्र फार कोणी केलेला नाही. मालक मुंबईला, घराला दहा महिने कुलूप, आणि छतावर कोकणातलं लख्ख ऊन. तिथे सोलर बसवलं तर जवळजवळ सगळी वीज ग्रीडला जाते. बरोबर बॅटरी असेल तर तीच वीज संध्याकाळी सोडता येते. कोणाची गैरसोय न करता समूहात येऊ शकणारी अशी घरं आपल्या किनाऱ्यावर गावोगाव आहेत. फक्त किल्ली कोणाकडे आहे आणि पावसाळ्यात पॅनेलवर पडलेल्या फांद्या कोण काढणार, एवढं आधी ठरलेलं हवं.

पाचवी पायरी: करार वाचा

उपविभाग कार्यालयात जाऊन मागणी-प्रतिसादाची योजना तुमच्या प्रकारच्या ग्राहकाला खुली आहे का ते लेखी विचारा. खासगी समूहचालक आला तर त्याला वितरण कंपनीची किंवा आयोगाची काय मान्यता आहे ते कागदावर बघा. मग हे विचारा. वर्षातून किती वेळा थांबायला बोलावणार? एका वेळी किती तास? सूचना किती आधी? पैसे तयारीचे, की थांबवलेल्या युनिटचे? नाही म्हटलं तर दंड आहे का? यंत्र कोणाचं, आणि बिघडलं तर खर्च कोणाचा? मीटरची माहिती कोण बघणार? घर केव्हा रिकामं असतं ते त्या माहितीवरून कळतं, म्हणून ती भलत्या हातात जाऊ देऊ नका.

थांबण्याचा संदेश कुठल्या नंबरवरून येणार, तेही ठरवून घ्या. ‘आज रात्री वीज तोडली जाईल, या नंबरवर फोन करा’ असे खोटे संदेश पाठवून लोकांची खाती रिकामी केली जातात. मागणी-प्रतिसादाच्या खऱ्या संदेशात ओटीपी मागितलेला नसतो आणि पैसे भरायचेही नसतात.

न वापरलेली वीज मोजतात कशी?

सगळ्यात जास्त भांडणं यावरून होतात. वापरलेली वीज मीटर मोजतं, न वापरलेली कशी मोजणार? त्यासाठी एक पायाभूत आकडा काढतात. मागच्या दहा सारख्या दिवसांत त्याच तासाला तुमचा सरासरी वापर किती होता, तो हा आकडा. समजा तो ६ युनिट आहे आणि बोलावलेल्या दिवशी तुम्ही ४ वापरलीत, तर २ युनिटांचे पैसे.

आता हीच पद्धत कोकणात गणपतीत लावा. चतुर्थीच्या आधीचे दहा दिवस घरात दोघं म्हातारी माणसं, वापर १ युनिट. चतुर्थीला मुंबईहून चौदा माणसं आली, आरास लागली, पाण्याचा पंप तिप्पट चालला. तुम्ही सगळ्यांना सांगून गीझर बंद ठेवलात, मनापासून मदत केलीत, तरी मीटर ५ दाखवणार आणि हिशेब म्हणणार की तुम्ही ४ युनिटं जास्त वापरलीत. शिमग्यालाही तेच, मेच्या सुट्टीतल्या होमस्टेलाही तेच. शहरातल्या रहाटीवर बेतलेली पद्धत इथे जशीच्या तशी चालत नाही. म्हणून सणांचे दिवस वगळायला सांगा, किंवा त्याच दिवशीच्या दुपारच्या वापरावरून आकडा दुरुस्त करण्याची तरतूद मागा. होमस्टेवाल्यांनी भरलेल्या खोल्यांची नोंद ठेवावी, ती पुरावा म्हणून उपयोगी पडते.

आकडा फुगावा म्हणून आधीचे दहा दिवस मुद्दाम जास्त वीज जाळण्याची युक्ती कोणी सुचवेल. करू नका. त्या विजेचं बिल तुम्हीच भरता, आणि समूहातल्या सगळ्यांवरचा विश्वास उडतो.

बोलावणं आलं, त्या संध्याकाळी

समजा दुपारी संदेश आला: आज ७ ते ८. सहाच्या आधी टाकी भरून घ्या, आंघोळीचं पाणी तापवून घ्या, फ्रिज उगाच उघडू नका असं घरात सांगा. पाहुणे असतील तर त्यांना मोकळेपणानं सांगा. मी पाहिलंय, लोक समजून घेतात आणि कौतुकानं विचारतात. सातला यादीतलं बंद करा आणि मीटरचं रीडिंग वहीत लिहा.

आठ वाजता मात्र एकदम सगळं चालू करू नका. तासभर थांबलेले सगळे गीझर, पंप आणि कॉम्प्रेसर ८च्या ठोक्याला उठले, तर सातला टाळलेली गर्दी आठला दुप्पट होऊन येते आणि त्याच डीपीचा फ्यूज जातो. गावानं क्रम ठरवावा: आठला बर्फ कारखाने, सव्वाआठला वरची वाडी, साडेआठला खालची वाडी. आगराचे पंप तर त्या दिवशी सुरूच करू नका, सकाळी नऊला करा. शेवटी आठचं रीडिंग सातच्या खाली लिहा, वजाबाकी करा आणि महिन्याच्या हिशेबाचा कागद आला की त्यातला त्या दिवसाचा आकडा वहीशी ताडून बघा. फरक आला तर तारीख आणि दोन्ही रीडिंग लिहून त्याच आठवड्यात लेखी तक्रार द्या.